‘तिलाई’ की ‘बानेल आणि आदामा’? एकच बघणार असाल तर

पश्चिम आफ्रिकेतला एखादा सिनेमा सुचवा, असं कुणी म्हटलं की मी आधी उलट विचारतो : एकट्यानं बघणार की चारचौघांत? तरुण जोडपं आणि गावाची रीत या एकाच विषयावरचे दोन सिनेमे माझ्या यादीत कायम शेजारी-शेजारी असतात, आणि त्यातला कुठला पुढे करायचा हे बरंचसं या उत्तरावर ठरतं. एक इद्रिसा वेद्राओगोचा ‘तिलाई’, बुर्किना फासोतला, १९९० चा. दुसरा रामाता-तुलाय सीचा ‘बानेल आणि आदामा’, सेनेगलमधला, २०२३ चा. दोन्ही दीड तासाच्या आत संपतात. दोन्ही फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात मुख्य स्पर्धेत होते. ‘तिलाई’ला तिथं ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं आणि पुढच्या वर्षी बुर्किनाच्या राजधानीत, वागादुगूत भरणाऱ्या फेस्पाको या आफ्रिकी सिनेमांच्या महोत्सवात सगळ्यात मोठं बक्षीसही. ‘बानेल’ हा दिग्दर्शिकेचा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा, आणि पहिलाच सिनेमा थेट त्या स्पर्धेत जाणं हेही काही थोडं नाही. बक्षिसांवरून निवडायचं असतं तर प्रश्न इथंच मिटला असता. पण बक्षिसं बघून लावलेल्या सिनेमाच्या मध्यावर अर्धा हॉल चहाला उठलेला, हे फिल्म सोसायटी चालवणाऱ्या कुणालाही नवीन नाही.

आमची सोसायटी म्हणजे तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा वरचा मजला, एक प्रोजेक्टर आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. येणाऱ्यांत शिक्षक, बँकेतली मंडळी, शेती बघणारे, कॉलेजची पोरं, आणि सिनेमापेक्षा नंतरच्या चर्चेसाठी येणारे दोन-तीन निवृत्त वकील. हे दोन्ही सिनेमे तिथं दाखवून झालेत. त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्या मजल्यावरून दिसलेलं आहे. मल्टिप्लेक्समध्ये किंवा घरच्या मोठ्या टीव्हीवर काही गोष्टी वेगळ्या दिसतील, हे मान्य करूनच पुढे वाचा.

‘तिलाई’ची गोष्ट आपल्याला चटकन कळते. सागा आणि नोग्मा यांचं ठरलेलं असतं. सागा बऱ्याच काळानं परगावाहून परत येतो तर त्याच्या बापानंच नोग्माशी लग्न लावून घेतलेलं. बोलणी झालेली मुलगी आता नात्यानं आई झाली! सागा गावाबाहेर खोपट बांधून राहतो, नोग्मा त्याच्याकडे जात राहते, आणि एक दिवस हे उघडकीला येतं. गावाच्या लेखी हा आता प्रेमाचा मामला उरलेला नसतो. मुलानं आईशी संबंध ठेवला, असा त्याचा अर्थ लागतो, आणि त्याची शिक्षा एकच. ती अमलात आणायचं काम येतं सागाच्या सख्ख्या भावावर, कुग्रीवर.

इथं जरा विषयांतर. फेस्पाकोचं ते मोठं बक्षीस येनेंगा राजकन्येच्या घोड्याच्या नावानं देतात. येनेंगा म्हणजे बुर्किनातल्या मोसी लोकांच्या कुळकथेतली मुलगी. बाप लग्न करू देईना म्हणून घोड्यावर बसून घर सोडून गेलेली, आणि पुढे तिच्याच वंशातून मोसी राज्यं उभी राहिली असं सांगतात. बापाचं न ऐकणाऱ्या मुलीच्या नावाचं बक्षीस बापाचं न ऐकणाऱ्या मुलाच्या गोष्टीला मिळालं. मोसी मंडळींना यात काही विशेष वाटतं का कोण जाणे, मला मात्र मजा वाटते.

‘बानेल’ची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. इथं लग्न झालेलं आहे आणि ते रीतीला धरूनच झालेलं आहे. आदामाचा थोरला भाऊ विहिरीत पडून गेला, त्याची बायको बानेल, आणि विधवा भावजयीशी दिरानं लग्न करायचं या चालीनं ती आदामाची झाली. गंमत अशी की या दोघांचं एकमेकांवर खरंच प्रेम आहे. म्हणजे रीतीनं त्यांना एकत्र आणलं, आणि आता बाकीची रीत मात्र त्यांना नको आहे. भावानंतर गावाचं प्रमुखपद आदामाकडे यायला हवं. तो नाही म्हणतो. बानेलला मूल नको, सासूच्या हाताखालचं घरकाम नको. दोघांना गावाबाहेर वाळूखाली गाडली गेलेली जुनी घरं उकरून काढायची आहेत आणि तिथं वेगळं राहायचं आहे. त्या घरांवर शाप आहे, असं गाव मानतं. मग पाऊस येत नाही. गुरं मरायला लागतात, पुढे माणसंही. आणि गाव या दोघांकडे बघायला लागतं.

मांडणी म्हणून मला ही दुसरी गोष्ट जास्त हुशार वाटते, हे आधीच सांगून टाकतो. ‘प्रेम विरुद्ध परंपरा’ हा सामना आपण इतक्या वेळा पाहिलाय की नाणेफेकीलाच निकाल कळतो. इथं परंपरेनंच दिलेलं प्रेम परंपरेला नको होतं, असा पेच आहे. शिवाय बानेल. खादी मान या मुलीनं ती केलीय. त्याआधी तिनं सिनेमात काम केलेलं नव्हतं. हातात कायम गलोल. पाखरं, सरडे, जे दिसेल त्यावर नेम. सुरुवातीला ते पोरकटपणासारखं दिसतं, नंतर नंतर त्याची भीती वाटायला लागते. ती चांगली आहे की वाईट, हे सिनेमा सांगत बसत नाही. आमच्या हॉलमध्ये बायकांच्या रांगेत तिच्याबद्दल दोन तट पडले आणि ते सिनेमा चालू असतानाच पडले, ही काही वाईट खूण नव्हे. एका सासूबाईंनी तर “अशी सून असेल तर पाऊस कशाला पडेल” असं मोठ्यांदा म्हणून टाळ्या घेतल्या, आणि त्यांची सून शेजारीच बसलेली होती.

त्या मानानं ‘तिलाई’तली नोग्मा फिकी आहे. ती सागाकडे जाण्याचा निर्णय स्वतः घेते, त्याची किंमतही मोजते, पण सिनेमा तिच्या मनात फारसा शिरत नाही. गोष्ट बापलेकांची आणि भावाभावांची आहे. नोग्मा त्यांच्यामध्ये सापडलेली आहे. बायकोच्या, मुलीच्या बाजूनं ही गोष्ट ऐकायची असेल, तर ‘तिलाई’त तुम्हाला थोडं उपाशी उठल्यासारखं वाटेल. त्यातल्या त्यात तिची धाकटी बहीण कुइल्गा लक्षात राहते. मोठी माणसं जे बोलत नाहीत ते सगळं त्या पोरीला ठाऊक असतं आणि तिचा चेहरा काही लपवू शकत नाही.

मग माझं पारडं ‘तिलाई’कडे का झुकतं? त्याचं कारण दुष्काळ आहे, आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

‘बानेल’मधला दुष्काळ देखणा आहे. सिनेमाच्या सुरुवातीला रंग भरगच्च आहेत : पिवळं, निळं, झाडाची हिरवी सावली. पाऊस लांबत जातो तसतसे ते रंग उडत जातात, आणि उत्तरार्धात पडदा जवळजवळ पांढरा होतो. कल्पना चांगलीच आहे. छायाचित्रण अमीन बेरादाचं आहे आणि त्याचा हात फार तयार आहे, यात वाद नाही. पण त्या पांढऱ्या जमिनीवर मेलेली गुरं दिसतात ना, ती मांडून ठेवल्यासारखी दिसतात. एक इथं, एक तिथं, मधली मोकळी जागा मोजून सोडलेली. मेलेल्या जनावराआधी मला चौकट दिसली. आणि एकदा चौकट दिसायला लागली की ती पुढच्या प्रत्येक दृश्यात दिसते.

आमचा भाग माणदेशाला लागून. २०१२-१३ साली माण, आटपाडी, सांगोला, जत या बाजूला चारा छावण्या पडल्या होत्या, तेव्हा आमच्या घरचीही जनावरं छावणीत होती आणि घरातलं कुणी ना कुणी तिथं मुक्कामाला असायचं. छावणीत सगळ्यात आधी कळतो तो वास. शेण, मूत, उसाचं वाढं आंबून येणारा गोडसर दर्प, आणि त्यावर धूळ. अशक्त झालेली गाय एकदा बसली की आपणहून उठत नाही. मग तिच्या पोटाखालून पोतं सरकवायचं, दोन्ही बाजूंनी दोघा-दोघांनी धरायचं, एकानं शेपटी पिरगाळायची आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. ती उठते, चार पावलं टाकते, परत बसते. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माश्या असतात आणि त्या हाकलायचं त्राण तिच्या कानांत नसतं. हे एकीकडे चालू असताना टँकर आला म्हणून दुसरीकडे घागरींची झटापट, वाढ्याच्या पेंढ्या मोजून घेण्यावरून वाद, कुणाचं नाव यादीत नाही म्हणून चढलेला आवाज. दुष्काळ ही भयंकर कटकटीची गोष्ट आहे. त्यात शांतता नसते. माणसाला दिवसभर इतकी कामं लागतात की दुःख करायलाही रात्रच उजाडावी लागते.

‘बानेल’मध्ये ती कटकट नाही. तिथं दुष्काळ येतो तो एखाद्या मौनासारखा. लोक दूरवर ओळीनं उभे असतात, वारा वाहतो, वाळू सरकते, आणि वर बाशार मार-खलिफेचं संगीत. मी पडद्याकडे बघत होतो आणि मनात येत होतं : यांच्यातलं कुणी पाण्यावरून भांडत कसं नाही?

ही चिडचिड माझी आहे आणि ती माझ्या गावाची आहे, हे मी पुरतं ओळखून आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला दुष्काळाचं चित्र दाखवणं तसंही अवघड. (त्याच सुमारास सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा साहेलचा पट्टाही होरपळत होता, तिथला मोठा दुष्काळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला तो १९७४ च्या आसपासपर्यंत चालला. आमच्याकडे रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडली जात होती तेव्हा तिकडं गुरांचे कळप संपत होते.) शिवाय पुण्यात चित्रकला शिकणाऱ्या आमच्या एका सभासद मुलीनं माझा मुद्दा तिथल्या तिथं खोडून काढला होता. तिचं म्हणणं असं की तो दुष्काळ गावाचा नाहीच, तो बानेलच्या डोक्यातला आहे. बानेलला गुरं मेल्याचं दुःख नाही, तिला फक्त आदामा हातातून सुटत चालल्याचं दिसतंय. त्यामुळे बाकीचं सगळं तिला पांढरं आणि लांबचंच दिसणार. मुद्दा बिनतोड आहे. मला तो पटलासुद्धा. नंतर पुन्हा सिनेमा लावला तेव्हा तिच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला, आणि पहिला अर्धा भाग तसा बघताही आला. मेलेली गुरं आली आणि माझं परत सुरू झालं.

सौंदर्याचं एकवेळ सोडून देऊ. चर्चेत जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘बानेल’नंतर आमच्याकडे बोलणं झालं ते सगळं पावसावर. शाप खरा का खोटा, सिनेमा गावकऱ्यांच्या बाजूचा आहे का, निसर्गानं या दोघांना शिक्षा दिली असं म्हणायचंय का. एक जण म्हणाले, पाऊस न पडायला कुणाच्या लग्नाचं कारण लागत नाही, सेनेगलला नाही आणि दहिवडीलाही नाही. सगळे हसले आणि विषय संपला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी तो सिनेमा लावला होता, गाव माणसाला कसं वाकवतं ती गोष्ट, तिच्यावर कुणी बोललंच नाही. दुष्काळ इतका मोठा आहे की त्यानं वादच खाऊन टाकला. आदामानं पद नाकारलं हे चूक की बरोबर, हा प्रश्न गुरं मरायला लागल्यावर उरतच नाही. उपाशी गावापुढं कुणाचंही वैयक्तिक स्वातंत्र्य लहानच दिसतं. आणि पंच मंडळी सिनेमात बहुतेक वेळ एका गठ्ठ्यानं दिसतात. त्यांतल्या एकाचंही नाव मला नंतर आठवेना.

‘तिलाई’त नेमकं उलटं आहे. तिथं निसर्ग कुणाच्याच बाजूनं नाही. जमीन तिथंही कोरडीच आहे, झाडं तुरळक, मातीच्या भिंती मातीच्याच रंगाच्या. पण ती राहायची जागा आहे, कशाची खूण वगैरे नाही. त्यामुळे दोष द्यायला फक्त माणसं उरतात. आणि प्रत्येक माणूस पकडायला जावं तर तो हातात सापडत नाही. बाप वाईट? त्यानं अन्याय केला खरा, पण रीतीबाहेरचं काही केलेलं नाही. कुग्री? त्याच्यावर भावाला मारायचं काम आलंय, आणि तो ते करत नाही. केल्याचं सोंग करतो, सागाला पळवून लावतो आणि परत येऊ नको असं बजावतो. म्हणजे त्यानं चांगलंच केलं की! पण आता ते खोटं त्याच्या घरात त्याच्याबरोबर राहायला आलंय. रोज तो बापासमोर बसतो, रोज आईला रडताना बघतो, आणि आई ज्याच्यासाठी रडतेय तो जिवंत आहे हे त्याला माहीत आहे. नोग्माचा बाप? मुलीनं नाव घालवलं म्हणून तो कुणाला मारायला जात नाही. गळफास लावून घेतो.

तो प्रसंग ज्या पद्धतीनं येतो तसं मी फार कमी सिनेमांत पाहिलंय. संगीत चढत नाही, कुणी हंबरडा फोडत नाही, कॅमेरा जवळ जात नाही. एक साधासुधा म्हातारा माणूस, ज्याचा या भानगडीशी संबंध एवढाच की नोग्मा त्याची मुलगी, आणि त्याच्याही वाट्याला रीतीचा हिस्सा आलेला. तो आपला हिस्सा चुकता करतो, इतकंच. आमच्या हॉलमध्ये तेव्हा खुर्ची सरकवल्याचाही आवाज नव्हता.

या सिनेमात रीत म्हणजे गावाबाहेरून आलेलं संकट नाही, चार खलनायकांचा कटही नाही. ती ज्यांच्या हातून पार पडते ते सगळे सागाचे कुणी ना कुणी लागतात, आणि त्यातल्या एकालाही ते मनापासून करायचं नाहीये. चर्चेच्या वेळी आमच्या वकीलसाहेबांनी जातपंचायतीच्या प्रकरणांचा विषय काढला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळानं २०१६ साली केला. त्याच्या आधीही आणि नंतरही अशी प्रकरणं त्यांनी जवळून पाहिलेली. ते म्हणाले, वाळीत टाकलेला माणूस पंचांचं नाव घेतो, पण रडतो ते सख्ख्या चुलत्यानं दार लावून घेतलं म्हणून. मग प्रत्येकाला आपापल्या गावातला कुणीतरी कुग्री आठवायला लागला. नावं न घेता, पण सगळ्यांना कळतील अशा बेतानं. वाचनालयाच्या शिपायानं दोनदा दिवे मालवून पाहिले तरी लोक जिन्यात उभं राहून बोलत होते. मला चारचौघांत दाखवायच्या सिनेमाकडून याहून जास्त काही नको असतं.

आता ‘तिलाई’चे दोष, म्हणजे मी अगदीच एका बाजूनं बोलतोय असं व्हायला नको. चाल संथ आहे. माणसं इथून तिथं चालत जातात आणि सिनेमा त्यांना पूर्ण चालत जाऊ देतो. कॉलेजच्या पोरांचे मोबाइल पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेर आले होते. बाप-मुलाचा मामला पेटल्यावर ते आत गेले, पण आधी आले होते हे खरं. अभिनय सपाट वाटू शकतो. वेद्राओगोनं घरच्या, गावच्या साध्या माणसांना घेऊन काम केल्यासारखं वाटतं, आणि वाक्यं बोलून झाली की ती माणसं गप्प उभी राहतात. मला ते आवडतं, कारण आमच्याकडेही बापासमोर माणसं अशीच उभी राहतात. पण ज्यांना चेहऱ्यावर सगळं दिसायला हवं असतं त्यांना कोरडं वाटेल. संगीत अब्दुल्ला इब्राहिमचं, दक्षिण आफ्रिकेतला मोठा जॅझ पियानोवादक. मोसी गावावर जॅझ हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि पहिल्यांदा कानाला खटकतंही. दुसऱ्यांदा बघताना मला ते नसतं तर चाललं नसतं.

सबटायटलची गोष्ट मात्र चारचौघांत दाखवणाऱ्यानं नीट लक्षात घ्यावी. ‘तिलाई’ मूरे भाषेत आहे, ‘बानेल’ पुलारमध्ये, आणि मराठी सबटायटल कुठल्याचंच माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे एक निवृत्त मॅडम पडद्याशेजारी बसून इंग्रजी ओळी मराठीत सांगत जातात. ‘तिलाई’त बोलणं कमी, वाक्यं तोकडी, दोन वाक्यांच्या मध्ये भरपूर जागा, मॅडमना दमही घेता आला. ‘बानेल’मध्ये बानेल कुजबुजते. आपलं आणि आदामाचं नाव ती पुन्हा पुन्हा घेते, वहीत लिहीत राहते, आणि त्या कुजबुजीतच सिनेमाचा अर्धा जीव आहे. तिच्यावर मोठ्या आवाजात “बानेल आणि आदामा, बानेल आणि आदामा” असं मराठीतून ऐकू आल्यावर जे व्हायचं तेच झालं. मागची पोरं हसली. त्यात उत्तरार्धात पांढऱ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. साध्या प्रोजेक्टरवर आणि पुरता अंधार न होणाऱ्या हॉलमध्ये निम्म्या ओळी गेल्याच म्हणून समजा. हा दोष सिनेमाचा नाही, पण निवड करताना आपल्या हॉलकडेही बघायला हवं.

एक आक्षेप दोन्हींवर घेता येतो, आणि ‘तिलाई’वर तो आफ्रिकेतल्याच लोकांनी घेतलाय. मातीच्या भिंती, भोपळ्याची भांडी, कुठल्याच काळात नसलेलं गाव, असं दाखवणाऱ्या सिनेमांना तिकडं ‘कॅलाबॅश सिनेमा’ असं हिणवलं जातं : युरोपच्या पैशानं, युरोपच्या महोत्सवांसाठी केलेली गावं. ‘तिलाई’त सरकार नाही, शाळा नाही, शहर नाही, साल नाही. ‘बानेल’ त्या मानानं आजच्या जवळचा. तिथं मशीद आहे, कुराण शिकणारी पोरं आहेत, शिकलेलं लिहायला बसणारा एक लहान मुलगा आहे जो बानेलकडे टक लावून बघतो आणि तिला अस्वस्थ करतो. तरी वीज, मोबाइल, बाजार यांचा पत्ता तिथंही लागत नाही. दोन्हींत फ्रान्सचा पैसा आहेच. मला वाटतं, ‘तिलाई’ला हा आक्षेप कमी लागतो. त्यानं काळ काढून टाकला तो गोष्ट उघडी करण्यासाठी. गाव बघायला सुंदर करण्याची धडपड त्यात मला जाणवली नाही. पण सेनेगलमधल्या किंवा बुर्किनातल्या प्रेक्षकानं याच्या उलट म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तर निवड कुणी काय करावी? रात्री एकट्यानं, हेडफोन लावून, चांगल्या पडद्यावर बघणार असाल, आणि गोष्टीपेक्षा एका मुलीच्या मनात राहून यायचं असेल, तर ‘बानेल’ बघा; माझी दुष्काळाची तक्रार तुम्हाला कदाचित दिसणारही नाही. चित्रकला, छायाचित्रण करणाऱ्यांनी तर तोच बघावा. बायकांचा गट असेल, कॉलेजच्या मुली असतील, तर मीसुद्धा ‘बानेल’ सुचवतो. मुलींच्या एका वसतिगृहासाठी विचारणा आली तेव्हा तोच सुचवला होता, आणि गलोल त्यांना आवडली असं नंतर कळलं. बरोबर लहान मुलं असतील तर हे दोन्ही राहू द्या, वेद्राओगोचाच त्याआधीचा १९८९ चा ‘याबा’ लावा. त्यात दोन मुलं आणि गावानं चेटकीण ठरवलेली एक म्हातारी आहे, आणि कुइल्गाचं काम करणारी मुलगी त्यात आणखी लहान दिसते.

बाकी सगळ्यांना, विशेषतः ज्यांच्या घरात मोठ्यांचा शब्द अजून चालतो अशांना, मी ‘तिलाई’कडे पाठवतो. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवटी जो निर्णय घेतो त्याच्याबद्दल तुम्हाला राग येणार, आणि घरी जाताना दुसऱ्याच कुणाचा तरी राग आलेला असणार.

दोन्ही बघायचे ठरले तर आधी ‘बानेल’ आणि काही दिवसांनी ‘तिलाई’. उलट क्रमानं बघितलं की ‘बानेल’मधली पंच मंडळी फारच पुसट वाटायला लागतात, आणि तो सिनेमा तितका वाईट नाही.